चांदाची तारीख बघून समुद्रावर

फजरनंतर आम्ही इंदापूरहून निघालो आणि दुपारी पुन्हा इंदापूरला पोहोचलो. गाडीतल्या मुलांनी पाटी वाचून एकच ओरडा केला, "अब्बू, आपण गोल फिरून परत आलो!" हे इंदापूर रायगड जिल्ह्यातले, माणगावच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गावरचे. आमच्या इंदापूरला भीमेचे पाणी, उजनीचा फुगवटा आणि डाळिंबाच्या बागा. या इंदापूरहून डावीकडे वळले की तळा, आणि तळ्याच्या पुढे मुरूडचा समुद्र.

आमच्या खानदानात फिरायला जाणे म्हणजे उरुसाला जाणे किंवा लग्नाला जाणे. घर भाड्याने घ्यायचे, स्वतः शिजवायचे, तीन रात्री समुद्रकाठी राहायचे आणि कुणाचे लग्न नसताना राहायचे, ही कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा माझी अम्मी म्हणाली, "उधर जाके क्या करने का? पानीच तो है."

अम्मी बारामतीला माझ्या भाईजानकडे असते. वय सत्तरच्या पुढे. तिने पाणी पाहिले ते निरा कालव्याचे आणि आमच्याकडे आली की उजनीचे. समुद्र कधीच नाही. बारामतीपासून समुद्र एका दिवसाच्या वाटेवर असताना एखादी बाई सत्तर वर्षांत तिथवर पोहोचत नाही, याचे कारण पैसा एवढेच नसते. ती निघाली तर घरात शिजवणार कोण, हा प्रश्न तिच्या आधी दारात उभा असतो. हॉटेलात जावे तर अकरा माणसांचा खर्च, आणि ताटात येणारे मांस हलाल आहे की नाही याची धाकधूक. म्हणून घर भाड्याने घेऊन स्वतः शिजवणे हाच रस्ता उरतो. पण त्यातही एक गोम आहे. चूल बदलते आणि चुलीपुढची बाई तीच राहते. तसे झाले तर ती सहल पुरुषांची आणि मुलांची, बाईची नाही.

आम्ही हे सगळे कसे जमवले, कुठे चुकलो, ते लिहिते. कुणाला उपयोगी पडले तर बरे.

भिशी आणि माणसे

आम्ही तीन घरे. भाईजान, भाभी आणि त्यांची दोन मुले, आपा आणि तिची मुलगी, मी, मुलांचे अब्बू आणि आमची दोन मुले, आणि अम्मी. एकूण अकरा. प्रत्येक घराने महिन्याला एक हजार रुपये बाजूला टाकायचे ठरले. आपाने शिलाईच्या पैशातून टाकले, कधी पाचशे, कधी पंधराशे, पण वर्षाअखेर हिशेब बरोबर होता. बारा महिन्यांत छत्तीस हजार जमले. कर्ज नाही, व्याज नाही, कुणाचे उपकार नाहीत.

गाडी आम्ही क्रूझर ठरवली, ओळखीच्या ड्रायव्हरची. ती आमच्याकडून निघून पाटसला थांबली, बारामतीची मंडळी तिथे येऊन बसली. मग पुणे, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव. ज्यांना गाडी परवडत नाही त्यांनी एसटीचा विचार जरूर करावा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि 75 वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना तिकीटच नाही. बायका-मुली जास्त असलेल्या आमच्यासारख्या कुटुंबाला हा फरक मोठा पडतो. फक्त सामान कमी न्यावे लागते.

दिवस आम्ही सोमवार ते गुरुवार घेतले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते आणि घराचे भाडेही चढते. शिक्षकाच्या घरात सुट्ट्यांची एवढी तरी चैन असते.

फोनवर विचारायच्या गोष्टी

घर शोधताना फोटो पाहून भुलू नये. फोटोत फक्त झोपाळा आणि नारळ दिसतात. मी वहीत प्रश्न लिहून काढले आणि चार ठिकाणी फोन केले.

स्वयंपाकघर आपल्याला वापरायला मिळेल का, की फक्त चहापुरते? गॅस घरात आहे का? (सिलेंडर गाडीत घालून नेण्याचा विचार कुणी करू नये, तो जिवाशी खेळ आहे.) मोठी पातेली, तवा, परात आहे का? प्यायचे पाणी गोडे आहे की मचूळ? समुद्राजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, त्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटल्यासारखा लागतो. खोल्या तळमजल्यावर आहेत का? गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी कमोड आहे का? बायकांना अंगणात मोकळेपणी बसता येईल असा आडोसा आहे का? मशीद किती लांब? वीज गेली तर काय?

तीन ठिकाणी या प्रश्नांना कंटाळले. चौथ्या ठिकाणी एका बाईंनी फोन घेतला. सगळे प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "तुमची अम्मा येणार ना? मग खालच्या खोल्या घ्या, पायरी एकच हाय." घर तिथेच ठरले. मुरूडजवळ नारळी-पोफळीच्या वाडीतले कौलारू घर, मालकीण कोकणी मुसलमान, मागच्या बाजूला त्या स्वतः राहत. आम्ही सगळे त्यांना खाला म्हणू लागलो.

शिदोरी

अकरा माणसे, तीन रात्री. आम्ही नेले ते असे: तांदूळ पाच किलो, ज्वारीचे पीठ चार किलो, गव्हाचे पीठ तीन किलो, तूरडाळ एक किलो, तेल दोन लिटर, साखर दीड किलो, चहा पावशेर, कांदे चार किलो, बटाटे तीन किलो, लसूण, सुके खोबरे आणि घरचा कांदा-लसूण मसाला अर्धा किलो. शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि डिंकाचे लाडू वेगळे. पहिल्या दिवशीचे जेवण घरूनच बांधून घेतले होते, कारण प्रवासाने थकलेल्या बाईला उतरल्या उतरल्या चुलीपुढे बसवणे म्हणजे सहलीची सुरुवातच चुकवणे.

मासळी आणि नारळ तिथेच घ्यायचे. खालाला द्यायला आमच्या बागेतली डाळिंबे घेतली. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये.

परतताना हिशेब केला. पीठ जास्त झाले, कांदे कमी पडले. पुढच्या वेळी कांदे सहा किलो.

चांद आणि भरती

आता सर्वांत महत्त्वाचे. मी शाळेत भूगोल आणि उर्दू शिकवते. सातवीला भरती-ओहोटीचा पाठ आहे. वर्षानुवर्षे मी तो फळ्यावर शिकवला, आणि स्वतः तारीख ठरवताना तो मला आठवलासुद्धा नाही. आठवण करून दिली माझ्या मुलीने. "अम्मी, तिथे पाणी पुढेमागे होतं ना? मग कधी पुढे आणि कधी मागे?"

आमची मुले उजनीच्या काठी वाढलेली. उजनीचे पाणीही कमी-जास्त होते, पण महिन्यांच्या हिशेबाने. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात उतरते आणि पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. सकाळी जिथे चप्पल ठेवली तिथेच ती संध्याकाळी सापडते. समुद्राचे तसे नाही. तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. धरणकाठच्या माणसाला ही सवय नसते, आणि आपल्याकडची माणसे समुद्रावर फसतात ती बहुधा इथेच. दुपारी कोरड्या दिसलेल्या खडकावर बसावे आणि मागच्या बाजूने पाणी भरून यावे, असे होते.

कोकणातल्या लोकांकडे याचा साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आपल्या घरात तिथी नसेल, पण चांदाची तारीख असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर उर्दू आकड्यांत ती रोज दिसते. चांद दिसतो तेव्हा साधारण द्वितीया असते, म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवा, कधी दोन मिळवावे लागतात. पंधराच्या पुढे गेले तर पंधरा वजा करा. मग पाऊणपट.

समजा चांदाची 7 तारीख आहे. एक मिळवला, आठ झाले. आठची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. आता चांदाची 14 घ्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारी आणि रात्री सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. म्हणजे मुले खेळायला उतरतात त्या चार-पाचच्या वेळी पाणी जोराने समुद्राकडे ओढले जात असते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, तेव्हा पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, चंद्र अर्धा असताना, भांगाची भरती. तेव्हा हा चढउतार सर्वांत कमी.

हा हिशेब अंदाजाचा आहे, तासभर इकडेतिकडे होऊ शकतो. नक्की वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात, मोबाइलवरही मिळतात. पण अंदाज घरात बसून करता येतो आणि तारीख ठरवायला तेवढा पुरतो. दिवाळी अमावास्येला येते, म्हणजे दिवाळीनंतर आठवड्याने चंद्र अर्धा होतो. शाळेची सुट्टी तेव्हा चालूच असते. आम्ही तेच दिवस धरले.

हे सगळे जमल्यावर मला माझाच अभिमान वाटला होता. मग एका रात्री मी एक जुनी तारीख तपासली.

1 फेब्रुवारी 2016. त्या दिवशी याच मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडून गेले. आपल्या समाजातली कितीतरी घरे त्या दिवशी सुन्न झाली होती, आमच्या शाळेतही दुसऱ्या दिवशी कुणाचे शिकवण्यात लक्ष नव्हते. मी हिशेब मांडला. पौर्णिमा 24 जानेवारीला होती. त्यानंतर आठ दिवस. म्हणजे चंद्र अर्धा. म्हणजे तो उधाणाचा दिवस नव्हता, भांगाचा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी ज्याला सुरक्षित दिवस समजत होते, तसाच तो दिवस होता.

म्हणून हिशेब करा, पण हिशेबावर मुले सोडू नका. भांगाचा समुद्रही ओढतो. आम्ही नियम केले आणि निघण्याआधी मुलांकडून पाठ करून घेतले. ओहोटी चालू असताना पाण्यात उतरायचे नाही. गुडघ्याच्या वर पाणी नाही, मोठ्यांनीही नाही. खडकांवर फोटो नाहीत. मगरिबच्या अर्धा तास आधी सगळे बाहेर. त्या दिवशी पाणी कसे आहे ते आधी एखाद्या कोळी बांधवाला विचारायचे. तो नको म्हणाला तर नको. एक मोठे माणूस किनाऱ्यावर फक्त मोजायला बसेल, त्याच्या हातात मोबाइल नसेल. मी शाळेची शिट्टी गळ्यात घातली.

बहिणींसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. बुरखा, अबाया, मोठी ओढणी ओली झाली की जड होते आणि पायात गुंडाळते. पाण्याजवळ जायचे असेल तर सैल पण आटोपशीर सलवार-कुर्ता आणि बांधलेला स्कार्फ बरा. सकाळी लवकर गेले की किनारा रिकामा असतो, पडद्याचाही प्रश्न राहत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाईजानचा मोठा मुलगा, पंधरा वर्षांचा, कमरेपर्यंत गेला. मी शिट्टी वाजवली. तो ऐकून न ऐकल्यासारखे करत होता. तिसऱ्या शिट्टीला आला, आणि रात्री जेवेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मला त्याचे काही वाटले नाही.

पाळीपत्रक

शाळेत तासिकांचे वेळापत्रक असते तसे मी घरकामाचे पाळीपत्रक केले आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले. सकाळचा चहा आणि नाश्ता भाईजान आणि मुलांचे अब्बू. दुपारचे जेवण मी आणि माझा मुलगा. रात्रीचे भाभी, आपा आणि भाईजानचा मोठा मुलगा. भांडी दोन्ही वेळा पुरुष आणि मुले. झाडलोट मुली आणि मुलगे आलटून पालटून. अम्मीच्या नावापुढे मी रेघ ओढली होती.

भाईजाननी आयुष्यात चहा केला नव्हता. पहिल्या दिवशी अकरा कपांना त्यांनी इतकी साखर घातली की धाकटा म्हणाला, "मामू, ही बासुंदी आहे का?" दुसऱ्या दिवशी चहा बरा झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आले ठेचून घातले आणि सगळ्यांना दोनदा विचारले, "कसा झालाय?" घरातली बाई रोज हा प्रश्न मनात विचारते आणि तिला कुणी उत्तर देत नाही, हे त्यांना तेव्हा कळले असावे. बोलले काही नाहीत.

पण मी खोटे लिहिणार नाही. पाळीपत्रक पूर्ण पाळले गेले नाही. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर भाभी एकट्या पातेली घासत होत्या. पुरुष गप्पा मारत बसले आणि भांडी तशीच राहिली म्हणून त्या उठल्या होत्या. मी म्हणाले, "भाभी, ठेवा ती." त्या म्हणाल्या, "सकाळी मुंग्या लागतील." मीही बसले त्यांच्याबरोबर. कागदावर रेघ ओढणे सोपे असते, सवय मोडायला एक सहल पुरत नाही.

दस्तरखान

सकाळी मुलांचे अब्बू आणि भाईजान मासळीबाजारात जायचे. बांगडा, सुरमई, बोंबील, मांदेली. कोळणींशी भाव करणे हे काही बारामतीच्या बाजारात कांद्याचा भाव करण्यासारखे नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजले. मासळीचा एक मोठा दिलासा असा की तिला जिबह लागत नाही, हलालची चिंता तिथेच संपते. कोंबडी हवी असेल तर मुरूडमध्ये आपल्या माणसांची दुकाने आहेत.

एके दुपारी खालांनी झाकलेले पातेले पाठवले. शिंपल्यांचे, म्हणजे तिसऱ्यांचे कालवण, नारळाच्या वाटणातले. वास असा की मुले पळत आली. आणि आमची पंचाईत झाली. आम्ही हनफी. आमच्याकडे समुद्रातली मासळी चालते, शिंपले चालत नाहीत. कोळंबीवरही उलेमांमध्ये मतभेद आहेत. कोकणातले आपले बांधव बहुतेक शाफई, त्यांच्याकडे शिंपले चालतात. पातेले परत कसे पाठवायचे?

अम्मी स्वतः उठली, पातेले घेऊन मागच्या दारी गेली आणि खालांना सरळ सांगितले. खाला हसल्या, "अगो, माझ्याच ध्यानात नाय आलं! तुम्ही हनफी ना." त्यांनी ते पातेले ठेवून घेतले आणि संध्याकाळी तळलेले बोंबील आणि तांदळाच्या भाकरी पाठवल्या. अम्मीने त्यांना ज्वारीची भाकरी थापून दाखवली. पाळीपत्रकातली रेघ तिने तेवढ्यापुरती मोडली, मी काही म्हणाले नाही. अम्मी बोलायची आपली दखनी, खाला बोलायच्या कोकणी, आणि जिथे अडायचे तिथे दोघी मराठीवर यायच्या.

असरची अजान पहिल्या दिवशी ऐकून अम्मी म्हणाली, "अभी तो टाइम नै हुआ." शाफई मशिदीत असरची वेळ आपल्या आधी होते. मुलांना हा एक धडाच मिळाला: आपल्यापेक्षा वेगळे करणारा माणूस चुकीचा नसतो. प्रवासातल्या कसरचाही धडा झाला. हनफी मताप्रमाणे साधारण 78 किलोमीटरच्या पुढे सफर असेल आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तसेच राहतात. स्थानिक इमामामागे पढताना पूर्ण पढायचे. बारकावे आपल्या आलिमांना विचारून निघावे.

जंजिरा

बुधवारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. जंजिरा हा शब्द अरबी जजीरावरून आला, जजीरा म्हणजे बेट. चारी बाजूंनी खारे पाणी आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव. 19 बुरूज, आणि कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हे बेट राखले. मराठे, पोर्तुगीज, इंग्रज, कुणालाही ते जिंकता आले नाही. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. मी मुलांना सांगितले की एके काळी आपला इंदापूर-सुप्याचा मुलूख आणि हे बेट, दोन्ही अहमदनगरच्या निजामशाहीत होते. धाकटा म्हणाला, "म्हणजे आपण शेजारी?"

एक गोष्ट मी विशेष करून आमच्या मुलींना सांगितली. जंजिऱ्याच्या बेगम नाझली रफिया सुलतान 1908 मध्ये नवाबांबरोबर युरोपच्या सफरीला गेल्या आणि त्यांनी ती सफर उर्दूत लिहून काढली. इथल्या एका मुसलमान बाईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रवास केला आणि तो स्वतःच्या शब्दांत मांडला. भाचीने विचारले, "मग आपण का नाही लिहीत?" हा लेख त्या प्रश्नामुळे आहे.

किल्ला पावसाळ्यात बंद असतो, हे लक्षात ठेवावे. होडीतून किल्ल्याच्या दारात उतरताना लाटेबरोबर होडी हलते, म्हाताऱ्या माणसांना ते अवघड जाते. अम्मी आणि आपा किनाऱ्यावरच थांबल्या.

पानीच तो है

शेवटच्या दिवशी फजरनंतर अम्मी अंगणात दिसली नाही. मी घाबरले, शिट्टी घेऊनच धावले. ती किनाऱ्यावर होती, कोरड्या वाळूवर, खालांनी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. अंगावर शाल, पायात चपला नाहीत.

मी शेजारी वाळूत बसले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "किबला इधरीच है ना?" मी म्हणाले, "हो अम्मी, पाण्याकडेच." मुरूडला किबला पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्याच दिशेला येतो. तीन दिवस आम्ही त्या दिशेला तोंड करून नमाज पढत होतो आणि मला हे सुचले नव्हते.

तेव्हा तिने सांगितले. माझे नाना मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. तेव्हा हाजी जहाजानेच जात, 1995 पर्यंत ती जहाजे चालू होती. नानांना पोहोचवायला घरातले पुरुष मुंबईला गेले. अम्मी तेव्हा दहा-बारा वर्षांची, तिने खूप हट्ट केला, कुणी नेले नाही. नाना परतले तेव्हा तिने विचारले, समंदर कैसा है? नाना म्हणाले, "बेटा, पानीच तो है."

"इत्ता पानी है, बोले नै अब्बा," ती म्हणाली.

मला वाटत होते की अम्मीला समुद्राची हौस नाही. तिने साठ वर्षे ते वाक्य सांभाळून ठेवले होते, आणि आम्ही त्याला तिचे उत्तर समजत होतो. आपल्या घरात अशा कितीजणी असतील. नको म्हणणाऱ्या माणसाला एकदा तरी, का नको, हे विचारावे.

मग ती उठली. माझा हात धरून पाण्यापर्यंत गेली. चांदाची तारीख, भरतीची वेळ, सगळे मी मनात मोजले. पाणी चढत होते, पण हळू. तिच्या घोट्यापर्यंत आले आणि परत गेले. पायाखालची वाळू सरकली तशी तिने माझा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर खर्चाचा हिशेब मांडला. तीन हजार चारशे उरले. आपा म्हणाली, ते पुढच्या भिशीत टाका. अम्मीने बटव्यातून शंभराची नोट काढून त्यावर ठेवली आणि भाईजानना म्हणाली, "कॅलेंडर ला इधर. अगले साल की तारीख देख."